केटलीतून मागे

चौदाव्या होलच्या डाव्या हाताला जो बंकर आहे
त्याला आमच्या गावात केटली म्हणतात.
तोंड अरुंद, पोट मोठं,
आत पडलेल्याला चांगलं उकळून काढते.
उत्तर समुद्राच्या या किनाऱ्यावर
मी चौतीस वर्षं टपाल वाटलं,
आणि तितकीच वर्षं दर शनिवारी
केटलीला माझे चेंडू वाटले.
एकदा अकरा फटके.
इनिस रॅट्रे अजून ते लग्नाकार्यात सांगतो.

जुलैत बायकांची मोठी स्पर्धा आली.
मला स्वयंसेवकाचं जाकीट मिळालं, दोन मापं मोठं,
आणि 'शांतता' लिहिलेली एक पाटी.
तीन दिवस पाटी वर केली, खाली केली,
मधल्या वेळात जमेल तेवढं बघून घेतलं.

बघितलं ते असं, की त्या फार काही करत नाहीत.
आम्ही चेंडूवर असे तुटून पडतो
जणू त्याने आमचे पैसे बुडवलेत.
त्या काठी धरतात
जसं मी वाऱ्यात पत्र धरायचो:
उडू नये इतकं घट्ट,
चुरगळू नये इतकं सैल.
सरावाच्या हिरवळीवर एक जण
हातभर अंतरावरून चेंडू घालत होती,
तोच, तिथेच, पाऊण तास.
हातभर अंतराचा सराव मी जन्मात केला नव्हता.
तेवढं तर कुणालाही जमतं, म्हणून.
तेवढ्यावरच तर दर शनिवारी हरलो.

तिसऱ्या दुपारी निचापा आली.
थायलंडची, चोवीस-पंचवीसची, यादीत दुसरी.
वाऱ्याने तिचा चेंडू उचलला
आणि सरळ केटलीत, पुढच्या भिंतीच्या पायाशी.
मी पाटी वर केली. गरज नव्हती.
सगळी गर्दी श्वास धरून उभी होती,
आता ही काहीतरी अचाट करणार.

ती उतरली. भिंतीकडे पाहिलं,
पाकिटावरचा पत्ता वाचायला लागतो तेवढाच वेळ.
मग वळली. झेंड्याकडे पाठ केली,
आणि जिथून आली होती त्याच दिशेला
चेंडू अलगद काढला, आठ पावलं मागे.
गर्दीतून एक सुस्कारा निघाला,
सिनेमा मध्येच बंद पडल्यासारखा.
तिच्या कानावर गेलाही असेल.
होलला एक फटका जादा लागला. एकच.
तिची बॅग वाहणाऱ्या भावाने केळं सोलून दिलं,
ते खात, कशावर तरी हसत
ती पुढे निघून गेली.

मी तिथेच, पाटी वर धरून,
कुणीतरी ओरडेपर्यंत.
चुकीच्या पत्त्यावरची कितीतरी पत्रं
मी निमूट परत पाठवली,
त्यात कधी कमीपणा वाटला नाही.
केटलीत मात्र दर वेळी भिंतीवर डोकं आपटलं,
कारण वर काठावर इनिस उभा असायचा.

तिचा फटका काही शिकता येणार नाही.
तिची कंबर वळते तशी माझी वळली तर
रुग्णवाहिका बोलवावी लागेल.
पण पाठ फिरवायला कंबर कशाला हवी?

पुढच्या शनिवारी पाऊस आडवा होता.
चेंडूला केटलीची वाट तोंडपाठ.
उतरलो. पाहिलं. वळलो.
वर इनिस, डुगल आणि थोरला मॅकफेल
एकदम गप्प, चर्चमध्ये कुणी शिंकल्यासारखे.
पहिला फटका मागच्या काठाला लागून
परत माझ्या बुटाशी येऊन बसला.
ही शक्यता निचापाने दाखवली नव्हती.
दुसरा निघाला.

सात झाले. कार्डावर सातच लिहिले.
हे कुणाकडून शिकलो, सांगता येत नाही;
पूर्वी अशा वेळी माझी पेन्सिल हात आखडता घ्यायची.
इनिसने वाकून आकडा पाहिला.
लग्नात सांगण्याजोगं त्यात काही नव्हतं.
तो पंधराव्याकडे चालू लागला.
मी खिशातलं केळं सोललं.